पाव फेरा

गॅरेजवाल्या उस्तादनं काउंटरच्या काचेवर दोन बोल्ट शेजारी शेजारी उभे केले. एक नवा, खोक्यातून आत्ताच काढलेला, अजून कारखान्याचं तेल अंगावर असलेला, आणि दुसरा माझ्या गाडीच्या हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून निघालेला, काळपट, डोक्याजवळ जरा तांबूस. लहानपणी आम्ही भावंडं पाठीला पाठ लावून कोण उंच ते बघायचो ना, अगदी तसे उभे होते ते दोघं. जुना उंच होता. फार नाही, मिलिमीटरभर असेल, पण काचेवर ठेवल्यावर लपत नव्हतं. मग माझ्याकडे न बघताच उस्तादनं विचारलं, "भिया, पिछली बार हेड खुला था तब बोल्ट नए डले थे, के यही थे?" बाबा माझ्या शेजारीच उभे होते, हातात कट चहाचा ग्लास. मी म्हणालो, "नए डले थे उस्ताद." तो नुसतं "हूं" म्हणाला, दोन्ही बोल्ट उचलून वेगवेगळ्या डब्यात टाकले आणि हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, कधी पाठवायचं ते बोलायला लागला.

बस, एवढंच झालं. त्याला आता पाच महिने होतील, गाडी छान चालतीये, पण रात्री कधी जाग आली की ते दोन बोल्ट तसेच काचेवर उभे दिसतात.

गाडीचं नाव घेत नाही, १७८१ सीसी, चार सिलेंडर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो पेट्रोल एवढं सांगितलं तरी ओळखणारे ओळखतील. माझ्याकडे ती सेकंडहँड आली तेव्हाच तिनं बरंच बघितलेलं होतं. त्यावर आम्ही टर्बो, म्हणजे सिलेंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंखा, मोठा टाकला, रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलली, आणि बूस्ट, म्हणजे त्या कोंबलेल्या हवेचा दाब, कारखान्यातून निघताना जेवढा होता त्याच्या दुप्पट केला. बायपासवर रात्री अकरानंतर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की तीन हजारच्या वर काटा जाताना छातीवर कोणीतरी हात ठेवून सीटमध्ये ढकलल्यासारखं व्हायचं आणि समोरून ती शिट्टी ऐकू यायची, त्या शिट्टीसाठी मी काय काय केलंय ते माझं मला माहीत. ते सुख खोटं नव्हतं, हे पण सांगितलं पाहिजे.

बिघाड कळला तो मे महिन्यात. आई-बाबांना घेऊन महेश्वरला गेलो होतो, येताना गुजरीकडून मानपूरकडे घाट चढताना पुढे ट्रकांची रांग, एसी चालू, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि पेट्रोल रस्त्यात जे मिळालं ते साधंच भरलेलं. एक फट दिसली म्हणून चौथ्यातच, गिअर न उतरवता, कमी आरपीएमवर पाय पूर्ण दाबला. आणि तेव्हा तो आवाज आला, पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा, दोन-तीन सेकंद. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "हे काय वाजतंय रे?" मी म्हणालो काही नाही, टाकीत काहीतरी असेल. इंदूरला लोकमान्य नगरमध्ये घरी पोचलो तेव्हा टेंपरेचरचा काटा मधेच होता, नेहमीसारखा. म्हणून मी निश्चिंत झोपलो.

त्यानंतर आठवड्याला पेलाभर कूलंट कमी व्हायला लागलं. खाली फरशीवर थेंब नाही, पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा. सकाळी स्टार्ट केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा वाफारा, जूनच्या उकाड्यात पांढरा वाफारा दिसायचं काही कारण नाही, आणि त्याला एक गोडसर वास, काकवी उकळताना येतो त्याच्या जवळपासचा. राजवाड्याजवळ सकाळी पोह्याच्या परातीखालून वाफ निघते ती बघायला मला फार आवडतं, पण ही वाफ बघून पोटात गोळा यायचा. मग एकदा पहाटे साडेपाचला, रात्रभर उभी असलेली गाडी, मी बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा पाइप दाबला. इंजिन पूर्ण थंड, हात लावला तर पत्रा गार, आणि पाइप मात्र कडक, सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबसारखा.

थंड इंजिनात पाइप कडक असायला नको. पाणी तापतं, फुगतं, दाब वाढतो, थंड झालं की दाब उतरतो, हे साधं गणित आहे. रात्रभरानंतरही दाब आहे म्हणजे तो उष्णतेचा नाही, तो कुठून तरी आत आलेल्या गॅसचा आहे, आणि इंजिनात गॅस यायची जागा एकच, सिलेंडर. उस्तादकडे नेल्यावर त्यानं कूलंटच्या टाकीच्या तोंडावर काचेची नळी धरली, त्यात निळं औषध, इंजिन चालू ठेवून टाकीतली हवा त्या निळ्यातून ओढली. मिनिटभरात निळ्याचं हिरवट आणि हिरवटचं पिवळं झालं. कार्बन डायऑक्साइड लागला की ते औषध रंग बदलतं. पाण्याच्या टाकीत जळालेला गॅस. "पॅकिंग गई भिया," तो म्हणाला. हेड आणि त्याच्या खालचा सिलेंडरांचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ थराला आपल्याकडे गॅरेजमध्ये हेड गॅस्केट कोणी म्हणत नाही, पॅकिंगच म्हणतात, आणि मला वाटतं तिथूनच घोळ सुरू होतो, कारण पॅकिंग म्हटलं की नळाचा वायसर डोळ्यासमोर येतो, झिजला, बदलला, संपलं.

आमच्या घरात पॅकिंगची गोष्ट निघाली की आई कुकरचं उदाहरण देते, आणि तिचा कुकर म्हणजे आतून झाकण बसतं तो. मी यावर बराच विचार केला. त्या कुकरात झाकण आतून बसतं म्हणून आतली वाफ झाकणाला वर, काठाकडे दाबते, म्हणजे जितका दाब जास्त तितकं झाकण घट्ट, दाब स्वतःच दार लावून घेतो. इंजिनात नेमकं उलटं आहे. तिथं झाकण बाहेरून ठेवलंय, आणि आतला प्रत्येक धमाका हेडला ब्लॉकपासून दूर उचलायला बघतो. ते खाली धरून ठेवलंय फक्त बोल्टांनी. गॅस्केट काहीच धरत नाही, ते फक्त फटीत झोपलंय. त्याला जेवढं दाबाल तेवढंच ते काम करणार.

आणि उचलणारा जोर किती, ते मी एकदा वहीत मांडलं होतं. बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ८१ मिलिमीटर, म्हणजे साधारण ५१ चौरस सेंटिमीटर जागा. बूस्ट नसलेल्या पेट्रोल इंजिनात धमाक्याचा दाब साठ-सत्तर बारपर्यंत जातो, टर्बो लावून जोर वाढवला की शंभरच्या वर. शंभरच धरले तर पाच टनांहून जास्त. सहा हजार आरपीएमला एकेका सिलेंडरमध्ये असं सेकंदाला ५० वेळा. दुसऱ्या बाजूला दहा बोल्ट, एकेकाची जाडी करंगळीएवढी, आणि तो नीट कसलेला असला तर एकटाच साडेचार-पाच टनांनी खाली दाबतो. म्हणजे हिशोब बोल्टांच्या बाजूनं आहे, भरपूर आहे. मग पॅकिंग जातं कसं? तर तो हिशोब गुपचूप कमी कमी होत जातो म्हणून. बोल्ट ढिले पडतात, हेड वाकतं, पृष्ठभाग खडबडीत असतो, एका कोपऱ्यात दाब कमी पडतो, आणि एक दिवस घाटात वाटाणे वाजतात.

ते वाटाणे म्हणजे नॉकिंग. स्पार्क पडला की आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शांतपणे पसरायला हवी, पण हवा आधीच फार तापलेली असेल, पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे आपणहून न पेटण्याची ताकद, कमी असेल, टाइमिंग फार पुढे असेल, म्हणजे स्पार्क फार लवकर पडत असेल, तर कोपऱ्यातलं मिश्रण आग पोचायच्या आधी आपणहून एकदम पेटतं. दाब मग चढत नाही, हातोडीसारखा आदळतो. मे महिन्याचा घाट, पुढे ट्रक म्हणून टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर वारा नाही, वरचा गिअर, कमी आरपीएम, पूर्ण बूस्ट, सगळं मी एकाच वेळी केलं. नॉक ऐकून टाइमिंग मागे घ्यायला इंजिनाला सेन्सर असतो, स्वीडनच्या साबनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉक ऐकून बूस्ट कमी करणारी यंत्रणा गाड्यांत आणली तेव्हापासून टर्बो पेट्रोल गाडी रोजच्या वापरात खरी विश्वासाची झाली असं मला वाटतं. पण आमच्या रिमॅपमध्ये टाइमिंग इतकं ताणलेलं होतं की सेन्सरनं मागे घेऊन घेऊन किती घेणार. ज्यानं रिमॅप करून दिला त्याला दोष देत नाही. त्यानं विचारलं होतं, थोडं सांभाळून ठेवू का? आम्हीच नाही म्हणालो होतो.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्या "नए डले थे" चा अर्थ लागणार नाही. बाबा सत्तावीस वर्षं पीथमपूरला ट्रकच्या इंजिनाच्या लाइनवर होते. पहाटे पाचला उठायचे, कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, हिवाळ्यात आम्ही गोधडीत असायचो आणि बाबांच्या स्टीलच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज यायचा. त्यातली बरीच वर्षं त्यांनी एकच काम केलं, हेडचे बोल्ट कसायचे आणि कसलेल्या प्रत्येक बोल्टावर रंगाची एक रेघ ओढायची, बोल्टाच्या डोक्यावरून खाली हेडवर येणारी. रेघ आहे म्हणजे कसलाय. रेघ तुटली, म्हणजे बोल्टावरची इकडे आणि हेडवरची तिकडे सरकली, म्हणजे बोल्ट हलला. ही सवय त्यांनी घरी पण आणली. आमच्या छताच्या पंख्याच्या बोल्टावर, आईच्या शिवणयंत्राच्या पायावर, माझ्या सायकलच्या चाकांवर आईच्या नेलपॉलिशच्या लाल रेघा असायच्या. माझे मित्र विचारायचे हे काय आहे, मला तेव्हा लाज वाटायची. आता त्या सायकलची आठवण येते ती त्या लाल रेघेसकट येते.

आदल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल जळत होतं म्हणून मी आणि माझा मित्र, दोघांनी मिळून घराखालीच हेड उतरवलं. नवं गॅस्केट आणलेलं होतं, स्टीलच्या तीन पत्र्यांचं, चांगलं. बोल्टांचा सेट मागवलेला होता पण आला नव्हता, कुरिअरवाला म्हणे मंगळवारी. आणि आम्हाला रविवारी संध्याकाळी गाडी हवी होती, कशासाठी ते आता आठवत पण नाही, बहुतेक मांडूला जायचं होतं चौघं-पाच जण मिळून. बोल्ट तर चांगलेच दिसत होते. धुतले, पुसले, आटे बघितले, सगळं ठीक. मित्र म्हणाला टाक यार, चालतं. वरून बाल्कनीतून बाबांनी विचारलं, "बोल्ट नवे आले का रे?" मी मान वर न करता म्हणालो, "हो आले बाबा."

मान वर केली असती तर बहुतेक बोलता आलं नसतं.

या बोल्टांचं काय असतं की ते मुद्दाम ताणण्यासाठीच बनवलेले असतात. बोल्ट म्हणजे खरं तर एक कडक स्प्रिंग, कसला की किंचित लांब होतो आणि परत आखूड व्हायची त्याची जी धडपड असते तीच हेडला दाबून धरते. जुन्या पद्धतीच्या बोल्टाला जेवढं ताणाल तेवढा तो सोडल्यावर परत येतो. या नव्यांना आधी ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पान्यावरच्या ठरलेल्या पिळाच्या जोराला कसतात, मग टॉर्क बघायचाच नाही, सरळ पाव फेरा, आणि परत पाव फेरा. त्या दुसऱ्या पाव फेऱ्यात बोल्ट आपल्या मर्यादेच्या पलीकडे जातो, लोखंड कायमचं लांबतं, आणि त्यातून सगळ्या बोल्टांवर अगदी एकसारखा दाब येतो, तीच त्यातली हुशारी आहे. पण एकदाच. एकदा लांबलेला तो परत पहिल्यासारखा होत नाही. दुसऱ्यांदा कसला की कुठे बारीक झालाय, कुठे थकलाय ते वरून दिसत नाही, पाना हातात तसाच जड लागतो, फेरा तसाच पूर्ण होतो, आणि खाली दाब मात्र कमी असतो. मी त्या रविवारी सगळं बरोबर केलं होतं, मधून बाहेरच्या दिशेनं क्रम, सगळे टप्पे, कोनाचं माप. हाताला काही म्हणजे काही वेगळं लागलं नाही. हे मला अजून पटत नाही, की एवढं खोटं काम इतकं खऱ्यासारखं हाताला लागावं.

आणि टॉर्क पान्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना अजून एक गोष्ट सांगतो, मला बाबांनी सांगितलेली. पान्यावर आपण जेवढा जोर लावतो त्यातला ढोबळमानानं निम्मा बोल्टाच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये घासण्यात जातो, आणि बोल्ट ताणायला उरतात ते शेकडा दहाच. म्हणजे आट्यात थोडी घाण असली, कोरडं असलं, तर पाना टिकटिक करून सांगणार झालं म्हणून, आणि त्या दहातले पाच पण बोल्टाला मिळालेले नसणार. म्हणून आट्यांना आणि डोक्याखाली तेल, सांगितलं असेल तेच तेल, जिथं जे सांगितलंय ते. बाबा लाइनवर नव्या मुलाला पहिल्या दिवशी पाना देत नसत, तेलाचा ब्रश देत.

उस्तादनं हेड काढलं त्या दिवशी मी तिथंच होतो. देवास नाक्याकडे त्याचं गॅरेज, पुढे ट्रान्सपोर्टच्या गाड्यांची सारखी ये-जा, धूळ इतकी की तो आधी सगळ्या जमिनीवर पाणी मारतो आणि मगच इंजिन उघडतो. गॅस्केट उचलून त्यानं उन्हाकडे धरलं. दोन बोअरच्या मधली जागा या इंजिनात फक्त ७ मिलिमीटर आहे, सगळ्यात गरम आणि सगळ्यात अरुंद, मला वाटलं तिथंच गेलं असणार. तिथं नव्हतं. तिसऱ्या सिलेंडरच्या एक्झॉस्टच्या बाजूला, गॅस्केटच्या कडीच्या उठावावरून पाण्याच्या भोकाकडे जाणारी एक काळी रेघ होती, काजळाचं बोट ओढल्यासारखी. एवढीशी. गॅस्केट फाटलं नव्हतं, जळालं नव्हतं. हेड तिथं क्षणभर क्षणभर उचललं जात होतं आणि गॅस त्या फटीतून निसटत होता, हजारो वेळा, महिनोन्‌महिने. त्या गॅसचा बुडबुडा पाण्यात जाऊन हेडच्या गरम जागेला चिकटला की तिथं पाणी लागत नाही, ती जागा अजून तापते, हेड अजून वाकतं, फट अजून वाढते. गॅस्केटनं आपलं काम केलं होतं, त्याला दाबून धरायचं काम माझं होतं.

एक विचार मला तेव्हा आला की हा जोडच नसता तर? आणि असं इंजिन खरंच होतं. अमेरिकेतलं ऑफनहाउझर, रेसिंगचं, त्यात हेड आणि सिलेंडरचा ब्लॉक एकाच ओतकामात, वेगळं हेडच नाही, म्हणजे गॅस्केटच नाही. म्हणून टर्बो आल्यावर त्यात बेफाम बूस्ट भरता आला, १९६८ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत टर्बो इंजिनानं पहिल्यांदा जिंकली ती यानंच, बॉबी अन्सरच्या गाडीत. पण व्हॉल्व्ह बसवायचे तर सिलेंडरमधून, खालच्या बाजूनं हात घालून. म्हणजे जोड नको असेल तर इंजिन उघडायला अवघड होणार. आपल्या गाड्यांना जोड आहे कारण त्या आपल्यासारख्यांना उघडता याव्यात. मला ते इंजिन फार आवडतं, पण मला माझ्या घराखाली उघडता येणारंच इंजिन हवंय, हे पण तितकंच खरं.

त्यानंतर उस्तादनं जे केलं ते बघताना मला माझा रविवार पावलोपावली आठवत होता. जुनं गॅस्केट काढायला आम्ही ड्रिलला ती खरखरीत गोल चकती लावली होती, पाच मिनिटांत हेड आरशासारखं चमकलं, आम्ही खूश. त्यानं चकतीला हात नाही लावला. प्लास्टिकची पट्टी आणि केमिकल, तासभर बसून. म्हणाला चकती ॲल्युमिनियम खाते, बोटाला कळत नाही असा खड्डा पडतो, आणि तिची भुकटी तेलात जाऊन बेअरिंग खाते. मग सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पान, सरकवलं. पाच शतांशचं पान, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, वहीच्या कागदाच्या निम्मं. ते जायला नको. तिसऱ्या सिलेंडरजवळ गेलं, सहज गेलं. स्टीलच्या गॅस्केटला पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो, जुनं ग्रॅफाइटचं पॅकिंग थोडं सांभाळून घ्यायचं, हे नाही घेत. ॲल्युमिनियमचं हेड तापल्यावर लोखंडी ब्लॉकच्या साधारण दुपटीनं फुगतं, म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन गरम-थंड होताना हेड गॅस्केटवरून केसभर सरकतं, खरखरीत पृष्ठभाग असेल तर दरवेळी कानस फिरवल्यासारखं होतं. हेड फेसिंगला गेलं, ब्लॉक पण तपासला, फक्त हेड बघून भागत नाही.

मग बोल्टांची भोकं. त्यानं एकेका भोकात बारीक नळीनं हवा मारली आणि दोन भोकांतून हिरवं कूलंट उडालं. भोक खालून बंद असतं, त्यात पाणी राहिलं आणि वरून बोल्ट कसला तर पाण्याला जायला जागा नाही, बोल्ट पाण्यावर बसतो, पाना म्हणतो कसला, आणि कधी कधी तर ब्लॉकच तडकतो. आम्ही ऑक्टोबरमध्ये भोकं पुसली होती का? मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

लोक मला विचारतात की स्टड का नाही टाकले. स्टड चांगलेच असतात, ब्लॉकमध्ये हातानं बसवायचे, वर नट कसायचा, आटे बारीक, बोल्टासारखा पीळ पडत नाही, सरळ ताण. बूस्ट अजून वाढवायचा असता तर टाकलेच असते. पण मी बघतो, मंडळी आधी स्टड आणतात, तांब्याचं गॅस्केट आणतात, आणि मग नॉकिंग तसंच चालू ठेवतात. जास्त घट्ट धरलं म्हणून हातोडी थांबत नाही, मग गॅस्केटच्या ऐवजी पिस्टन जातो. माझं म्हणणं असं की आधी टाइमिंग, पेट्रोल, इंटरकूलर, कूलंट, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, ते झाकण कोणी बदलत नाही पण पाण्यावर दाब धरून ते उकळू न देण्याचं काम त्याचंच आहे, हे सगळं नीट करायचं आणि मग लोखंडाकडे वळायचं. आम्ही बूस्ट एक बारवर आणला, टाइमिंग मागे घेतलं, नवे बोल्ट टाकले. शिट्टी अजून वाजते, थोडी उशिरा वाजते.

बोल्ट कसायच्या दिवशी उस्तादनं बाबांना बोलावून घेतलं होतं. मला वाटलं गप्पांसाठी. त्यानं पहिला टप्पा केला, दुसरा केला, आणि मग कोनाचा पाना बाबांच्या हातात दिला, "बाबूजी, आप करो." बाबा निवृत्त होऊन सहा वर्षं झालीत, उजवा खांदा दुखतो. त्यांनी चष्मा वर ढकलला, पाय फाकवून उभे राहिले, आणि पाव फेरा. थांबले. पुढचा. पाव फेरा. दहा झाले, मग परत पहिल्यापासून. प्रत्येक बोल्टाच्या शेवटच्या फेऱ्यात लोखंड किंचित कुरकुरतं आणि मग एकदम मऊ लागतं, तो मऊपणा म्हणजे बोल्ट मर्यादेपलीकडे गेला, हे मी बाबांच्या चेहऱ्यावर बघितलं, दहा वेळा. मग खिशातून त्यांनी आईची नेलपॉलिशची बाटली काढली.

घरी येताना गाडी मी चालवत होतो. पलासियाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हणालो, "बाबा, ऑक्टोबरमध्ये बोल्ट जुनेच टाकले होते." ते समोर बघत होते. म्हणाले, "माहितीये." मी विचारलं कधीपासून, त्या काचेवरच्या दिवसापासून का. म्हणाले, "नाही रे, त्याच रविवारी. खाली आलो तर नव्या बोल्टांचा खोका कुठे दिसला नाही. मंगळवारी कुरिअरवाला घेऊन आला, मीच सही करून घेतला." मी म्हणालो मग बोलला का नाहीत, घाटात आपण सगळे होतो, आई होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न वाजवला. मग म्हणाले, "वाटलं तू सांगशील. मग इतके दिवस झाले की मलाच विचारायचं कसं ते कळेना."

म्हणजे आठ महिने आम्ही दोघं एकाच घरात, एकाच ताटाळ्यातली ताटं काढून जेवत, तीच गोष्ट आपापल्या बाजूनं धरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी उस्तादकडे गेलो आणि त्याला पण सांगितलं. तो म्हणाला, "भिया, बोल्ट झूठ नहीं बोलता. बाबूजी सामने खड़े थे, तो मैं चुप रह गया." मग आतून डबा घेऊन आला, माझे दहा जुने बोल्ट. त्याची पद्धत आहे, काढलेले बोल्ट तो भंगारात तसेच देत नाही, आटे कापून देतो, नाहीतर भंगारातून धुऊन पुसून कोणाच्या तरी इंजिनात परत जातात. ग्राइंडर त्यानं माझ्या हातात दिला. पहिला बोल्ट शिकंज्यात धरला, ठिणग्या उडाल्या, जळक्या लोखंडाचा वास, आटे गेले. दुसरा. तिसरा. सातव्याला हात दुखायला लागला, थांबलो नाही. नववा झाल्यावर डब्यात बघितलं तर दहावा तो होता, काचेवर उभा केलेला, उस्तादनं त्याच्या डोक्यावर खडूनं खूण केली होती. तो मी जास्त वेळ धरला. कापून झाल्यावर तो इतका तापला होता की बराच वेळ शिकंज्यातच राहू दिला, उस्ताद चहा सांगून आला, आम्ही चहा प्यायलो, आणि मग मी तो नवा-जुना कळणार नाही असा तुकडा उचलून भंगाराच्या पोत्यात टाकला.